मसलतीची सवड

मोबाइल हाती घेऊन बसलेले मूल दिसले की फिर्याद, पुरावा आणि निकाल ही तिन्ही कामे एका दमात उरकून त्याला दोषी ठरविण्याची रीत शहरांत जितकी रुळली आहे तितकीच ती आमच्या करडीसारख्या, भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील धानाच्या मुलखात वसलेल्या गावीही रुळली आहे. आणि ज्या प्रांतात धानाचा चुकारा बापाच्या खात्यात जमा झाल्याचा संदेश व खेळाच्या नावाखाली पैज लावण्याचे आमंत्रण ही दोन्ही एकाच पडद्यावर, कित्येकदा एकाच दिवशी, येऊन उभी राहतात, त्या प्रांतातील वडीलधाऱ्यांची धास्ती निराधार आहे असे कोणी विचारी मनुष्य म्हणणार नाही. परंतु धास्तीच्या भरात केलेला न्याय बहुधा सरसकट असतो, आणि सरसकट न्यायाचा दोष हा की त्यात बऱ्यावाईटाची निवड करण्याचे जे खरे काम, तेच टाळले जाते. घरातील मुलाच्या हाती कोणते पुस्तक आहे याची चौकशी करणारा बाप त्याच्या हाती कोणता खेळ आहे याची चौकशी करीत नाही; कारण सगळी पुस्तके सारखी नसतात हे त्याला ठाऊक आहे, आणि सगळे खेळ सारखेच असतात असा त्याचा पक्का समज आहे.

हा समज कायद्याने मात्र ठेवलेला नाही. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांविषयी जो अधिनियम संमत केला आणि ज्याला त्याच महिन्याच्या २२ तारखेस राष्ट्रपतींची मान्यता मिळाली, त्याने पैसे लावून खेळावयाचे खेळ, मग ते कौशल्याचे म्हणवून घेत असोत वा नशिबाचे, एका बाजूस काढून त्यांवर बंदी घातली, आणि ई-स्पोर्ट्स म्हणून ओळखले जाणारे स्पर्धात्मक खेळ व मनोरंजनाचे किंवा शिक्षणाचे खेळ दुसऱ्या बाजूस ठेवून त्यांना उत्तेजन देण्याची तरतूद केली. हा भेद आवश्यक होता आणि तो स्वागतार्ह आहे. पण सरकारच्या दप्तरातील भेद घराच्या उंबऱ्याच्या आत अपुरा पडतो. कारण पैसा न मागणारा खेळ तेवढ्याने चांगला ठरत नाही, तो पैशाऐवजी मुलाची संध्याकाळ, त्याचे लक्ष आणि त्याची झोप मागत असेल तर त्याचा हिशेब कोणत्याही अधिनियमात सापडावयाचा नाही. तेथे घरच्यांनाच निवाडा करावा लागतो, आणि निवाड्यास कसोटी लागते. माझ्या मते ती कसोटी एकच आहे: खेळ खेळणाऱ्याला विचारासाठी सवड देतो की त्याच्यापासून ती हिरावून घेतो? हे मत मी गेली काही वर्षे बुद्धिबळाच्या संदर्भात बाळगून होतो. परंतु संगणकावरील खेळांनाही ते तंतोतंत लागू पडते अशी खात्री पटली ती दिवाळीच्या सुटीत पुतण्याने आग्रहाने पुढे ठेवलेल्या एका खेळाच्या बानगीमुळे.

बानगी असे मी जिला म्हणतो तिला खेळणारे लोक ‘डेमो’ म्हणतात. पूर्ण खेळाचा आरंभीचा थोडा भाग निर्माता मोफत देतो, आणि जसा तुमसरच्या बाजारात धानाचा व्यापारी पोत्यातून मूठभर दाणे काढून तळहातावर चोळून पाहतो व मगच भाव बोलतो, तसा ग्राहकाने तो भाग खेळून पाहावा आणि मगच पैसे द्यावे की नाही हे ठरवावे अशी ही व्यवस्था असते. तिच्यात एक प्रामाणिकपणा आहे. जो खेळ फुकट म्हणून हाती पडतो आणि मग दर दहा मिनिटांनी, आता नवी बंदूक घे, आता नवा पोशाख घे, असा तगादा लावतो, त्याच्यापेक्षा आपल्या मालाची मूठ आधी उघडून दाखविणारा आणि नंतर एकदाच ठरलेली किंमत मागणारा खेळ हा सचोटीचा व्यवहार करतो, हे प्रथमच नमूद केले पाहिजे.

जी बानगी मी खेळलो ती ‘एक्सकॉम : एनिमी अननोन’ या खेळाची. हा खेळ अमेरिकेतील फिरॅक्सिस या संस्थेने, जेक सॉलोमन यांच्या दिग्दर्शनाखाली, रचला व तो २०१२ साली बाजारात आला. त्याचे मूळ इंग्लंडमधील ज्युलियन गॉलप यांनी रचलेल्या १९९४ च्या खेळात आहे. म्हणजे गोष्ट ताजी नव्हे. पण आमच्या खेड्यांतील संगणक, जेथे ते आहेत तेथे, बहुधा जुनेच असतात, आणि जुन्या यंत्रावर चालणारी जुनी चांगली वस्तू ही नव्या यंत्राच्या प्रतीक्षेत वाया जाणाऱ्या वर्षांपेक्षा केव्हाही हितकर. कथानक सांगावयास फारसे नाही. परग्रहावरून आलेल्या शत्रूंनी पृथ्वीवर स्वारी केली आहे आणि सोळा राष्ट्रांच्या मंडळाने उभारलेल्या एका लहानशा शिबंदीचा मुखत्यार म्हणून खेळणाऱ्याने त्यांचा बंदोबस्त करावयाचा आहे. त्या सोळा राष्ट्रांत भारतही आहे. कथानक असे सामान्य असूनही खेळ असामान्य वाटतो तो त्याच्या एका नियमामुळे: येथे दोन्ही पक्ष आळीपाळीने चालतात. आपण विचार करीत असताना शत्रू तसूभरही हलत नाही. घड्याळ थांबलेले असते. आपण पाच मिनिटे विचार करा, पाऊण तास विचार करा, की उठून गुरांना चारा टाकून या. रणांगण जसे सोडले तसेच आपली वाट पाहत उभे असते.

एक पाळी जवळून पाहिल्याशिवाय या नियमाचे महत्त्व ध्यानात यावयाचे नाही. आपल्या हाताखाली चार शिपाई आहेत आणि प्रत्येकाला एका पाळीत दोन कामे करण्याची मुभा आहे: एकदा सरकून दुसऱ्या कामात गोळी झाडता येते, किंवा दोन्ही कामे खर्चून लांबवर धाव घेता येते, आणि एकदा गोळी झाडली म्हणजे त्या शिपायाची पाळी तेथेच संपते. शिपाई कोठवर चालत जाईल हे निळ्या रेषेने आणि धावला तर कोठवर पोहोचेल हे पिवळ्या रेषेने जमिनीवर आखून दाखविलेले असते. ज्या जागी आडोसा आहे तेथे ढालीचे चिन्ह उमटते, कमरेएवढ्या भिंतीशी अर्धी ढाल, पुरुषभर उंचीच्या खांबाशी पूर्ण ढाल. नवख्या शिपायाचा नेम शंभरात पासष्ट. समोरचा शत्रू अर्ध्या आडोशाला असेल तर त्यातून वीस वजा होतात, पूर्ण आडोशाला असेल तर चाळीस. अंतराचा व उंचीचा हिशेब निराळा. म्हणजे भिंतीमागे बसलेल्या शत्रूवर समोरून झाडलेली गोळी लागण्याचा संभव शंभरात पंचेचाळीस. पण तोच शिपाई वळसा घालून भिंतीच्या बगलेस गेला तर आडोसा निरुपयोगी होतो आणि गोळी वर्मी बसण्याचा संभव कितीतरी वाढतो. मग वळसा का घालू नये? कारण त्या बगलेपलीकडचा प्रदेश अद्याप काळोखात आहे, तेथे पाऊल टाकताच आणखी दोन शत्रू उजेडात यावयाचे असतील तर ते येतील, आणि आपला शिपाई मोकळ्या रस्त्यावर उभा असेल.

मी त्या वळशाच्या विचारात असताना शेजारी बसलेला पुतण्या, जो एरवी बोटाच्या टोकाने क्षणात पाच गोळ्या झाडणारे खेळ खेळतो, तो म्हणाला, “काकाजी, थांबा ना जी, थो गडी उघडा पडन!” मग त्याने सुचविले की आधी दुसऱ्या शिपायाला मागच्या मोटारीआड ठेवून पहाऱ्यावर बसवावे, म्हणजे शत्रूने त्याच्या पाळीत जागा सोडली तर त्याच्यावर आपोआप गोळी सुटेल, तिसऱ्याने भिंत फोडावी, आणि मग, भिंत पडल्यावर, पहिल्याने आहे त्या जागेवरून नेम धरावा. चार माणसांची चार कामे, एकाचे काम दुसऱ्याच्या कामाची वाट मोकळी करणारे, आणि क्रम चुकला तर सारे फुकट, असा तो बेत होता. पंधरा वर्षांच्या मुलाने चार टप्प्यांचा बेत आखून तो मोठ्याने समजावून सांगावा, मी त्यावर शंका काढावी, त्याने शंकेला उत्तर द्यावे, आणि हे सारे होईपर्यंत पडद्यावरील शत्रूने मुकाट उभे राहावे, ही गोष्ट मला त्या खेळातील कोणत्याही स्फोटापेक्षा अधिक लक्षणीय वाटली. जुन्या दरबारी भाषेत जिला मसलत म्हणत ती हीच. आणि मसलतीला पहिली गरज असते ती सवडीची.

या खेळाचा दुसरा गुण म्हणजे त्यातील मरण. येथे पडलेला शिपाई पुन्हा उठत नाही. त्याला नाव असते, देश असतो, पराक्रम केला की पद आणि टोपणनाव मिळते. आणि ज्या दिवशी आपल्या उतावळेपणाने तो उघड्यावर सापडतो त्या दिवशी तो संपतो व पुढील कामगिरीवर त्याच्या जागी एखादा कच्चा रंगरूट न्यावा लागतो. वेगाच्या खेळांत मरण ही तीन सेकंदांची अडचण असते. मेलेला खेळाडू दुसऱ्या क्षणी दुसऱ्या कोपऱ्यात ताजातवाना उभा राहतो, आणि त्यामुळे मरणाला, पर्यायाने जगण्यालाही, काही मोल उरत नाही. येथे ते मोल आहे. मागची स्थिती साठवून ठेवून चूक पुसून टाकण्याची सोय खेळात आहे खरी. परंतु तीही नाकारून एकदा झाले ते झाले या शर्तीवर खेळण्याचा एक प्रकार निर्मात्यांनी ठेवला आहे, आणि या खेळाचे दर्दी त्याच प्रकाराला खरा मान देतात. आपल्या हुकुमाने माणूस पुढे गेला व पडला, याची जबाबदारी दुसऱ्या कोणावर ढकलता येत नाही, ही जाणीव कोवळ्या वयात खेळातून झाली तर ती वाईट असे मला वाटत नाही.

तिसरी गोष्ट अनिश्चिततेची. शंभरात पासष्ट हा आकडा डोळ्यांसमोर असताना गोळी हुकली की मुले प्रथम यंत्रावर लबाडीचा आरोप करतात. हळूहळू त्यांना कळते की शंभरात पासष्ट याचा अर्थ तीनांतून साधारण एकदा हुकणे. आणि मग ती ‘लागेल’ या आशेवर बेत रचण्याचे सोडून ‘न लागली तर काय?’ हा प्रश्न आधी विचारू लागतात. ज्यांचे वर्षाचे अन्न पावसाच्या एका नक्षत्रावर अवलंबून असते अशा आमच्या भागातील शेतकऱ्याला या प्रश्नाचे महत्त्व समजावून सांगावे लागत नाही. ज्या मालगुजारी तलावांसाठी हा मुलूख प्रसिद्ध आहे ते तलाव दुसरे काय आहेत? पाऊस हुकला तर काय, या प्रश्नाला पूर्वजांनी मातीत बांधून ठेवलेले ते उत्तर आहे. संभवाचे गणित शाळेत दहावीला शिकवितात आणि परीक्षेनंतर विसरतात. या खेळात ते विसरणाऱ्याला प्रत्येक पाळीत त्याची किंमत मोजावी लागते.

बानगीत मला न पटलेल्या गोष्टीही आहेत. तिची पहिली कामगिरी शिकवणीची असल्यामुळे कोणाला कोठे न्यावे हे खेळच बोट धरून सांगतो, दुसरीकडे जाऊ देत नाही, आणि त्या सक्तीच्या वाटेवर चार शिपायांपैकी तीन ठरल्याप्रमाणे मारले जातात; म्हणजे ज्या खेळाचे सारे वैभव खेळणाऱ्याच्या निर्णयात आहे तो आपली पहिली ओळख निर्णय काढून घेऊन करून देतो, आणि मरणाची जबाबदारी शिकविणारा खेळ पहिली तीन मरणे खेळणाऱ्याच्या जबाबदारीवाचून घडवितो. नियम शिकविणे आवश्यक आहे हे मान्य. पण दोन वाटा दाखवून त्यांतील एकीवर ठेच लागू देणे ही अधिक चांगली शिकवण झाली असती. शिवाय बानगीच्या आटोपशीर मर्यादेत लढाईच्या वरची जी पायरी आहे, कोणत्या देशाच्या मदतीस धावावे व कोणाला नाइलाजाने वाऱ्यावर सोडावे, खजिना शस्त्रांवर खर्चावा की संशोधनावर, घाबरलेली राष्ट्रे मंडळातून फुटू लागली तर काय करावे, तिचे ओझरतेच दर्शन होते. पूर्ण खेळात सोळांपैकी आठ राष्ट्रे फुटली की मोहीमच आटोपते. म्हणजे रणांगणावरील जय आणि राज्यकारभारातील जय या दोन निराळ्या गोष्टी आहेत हा त्यातील सर्वांत प्रौढ विचार, आणि तोच बानगीपुरते समाधान मानणाऱ्याच्या पदरात पुरता पडत नाही.

या जातीचे खेळ परदेशातून आले म्हणून ते आपल्याला परके आहेत, ही समजूत इतिहासाला धरून नाही. चतुरंग हा खेळ भरतखंडात जन्मला, येथून इराणात व अरबांकडे गेला आणि त्यांच्याकडून युरोपात पोहोचला, हे सर्वश्रुत आहे. त्याचा विचार आपल्याकडे केवळ करमणुकीचा म्हणून होत नव्हता. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील सोमेश्वराने रचलेल्या ‘मानसोल्लासा’त राजाच्या विनोदांमध्ये त्याचे वर्णन आहे, आणि सतराव्या शतकातील नीलकंठ भट्ट, ज्यांचे घराणे मूळचे पैठणचे व पुढे काशीस स्थायिक झालेले, त्यांच्या ‘भगवंतभास्कर’ या विशाल धर्मग्रंथात बुद्धिबळाचे विवेचन सापडते ते ‘नीतिमयूख’ या भागात, म्हणजे राजनीतीच्या प्रकरणात. ज्या ग्रंथात राजाने कसे वागावे हे सांगावयाचे त्याच ग्रंथात पटावरील मोहरी कशी चालतात हेही सांगावयाचे, यात त्या काळच्या पंडितांना काही विसंगती वाटली नाही. त्रिवेंगडाचार्यशास्त्र्यांच्या ‘विलासमणिमंजरी’ या संस्कृत बुद्धिबळग्रंथाचा इंग्रजी अवतार १८१४ साली मुंबईत छापून निघाला, तेव्हा पेशवाई मावळलेली नव्हती.

युरोपात या पटाचे पुढे काय झाले हेही पाहण्याजोगे आहे. प्रशियातील राइसवित्झ या पितापुत्रांनी, बापाने १८१२ साली राजापुढे मांडून आणि मुलाने १८२४ साली सुधारून, बुद्धिबळाच्या चौकटी काढून टाकल्या आणि त्यांच्या जागी खऱ्या मुलखाचा नकाशा आणला. गोळीबाराचा परिणाम फाशांनी व कोष्टकांनी ठरविण्याची आणि शत्रूची हालचाल मध्यस्थ पंचामार्फत झाकून ठेवण्याची युक्ती त्यांनी काढली. तो खेळ प्रशियाच्या फौजेत अधिकाऱ्यांच्या शिक्षणाचे साधन झाला. पुढे १९१३ मध्ये एच. जी. वेल्स या प्रख्यात इंग्रज कादंबरीकाराने शिशाच्या सैनिकांनी घरच्या जमिनीवर खेळावयाच्या लढाईचे नियम पुस्तकरूपाने छापले, १९५४ मध्ये अमेरिकेत चार्ल्स रॉबर्ट्स यांनी तसा खेळ खोक्यात घालून बाजारात आणला, आणि संगणक घरोघर आल्यावर पंचाचे व फाशांचे काम यंत्राने पत्करले. म्हणजे माझा पुतण्या ज्या पडद्यापुढे बसला होता तो पडदा चतुरंगाच्या पटाचाच दूरचा वंशज होता; मधल्या प्रवासात त्याला बुद्धिबळात नसलेल्या दोन गोष्टी तेवढ्या मिळाल्या होत्या, अज्ञात प्रदेशाचा काळोख आणि दैवाचा वाटा.

आणि उच्चवर्णीय पंडितांच्या व राजांच्या पटाखेरीज सामान्य रयतेचाही एक पट आपल्याकडे होताच. नाशिकच्या पांडवलेण्यांत, अनेक किल्ल्यांच्या पायऱ्यांवर आणि देवळांच्या ओट्यांवर दगडात कोरलेले खेळांचे पट आजही दिसतात, आणि वाघ-बकरीचा खेळ तर जमिनीवर कोळशाने रेघा ओढून व खडे मांडून कोणत्याही गुराख्याला खेळता येत असे. त्यात दोन बाजू समान नसतात: वाघ थोडे, पण उडी मारून बकरी खाणारे, बकऱ्या पुष्कळ, पण एकेकटी दुर्बळ. बकऱ्यांचा जय एकाच उपायाने होतो, तो म्हणजे एकमेकींच्या पाठीशी राहून वाघाला हलावयास जागाच न ठेवणे. कोक्याच्या अभयारण्याला लागून असलेल्या आमच्या भागात वाघ ही पटावरची कल्पना नव्हे. आणि बलाढ्यापुढे दुर्बळांनी एकमेकांना सोडता कामा नये हा त्या पटाचा धडा येथील जुन्या माणसांनी खड्यांवर जितका गिरविला तितकाच तो रानातही गिरविला आहे. ‘एक्सकॉम’मधील चार शिपायांची गोष्ट याहून निराळी नाही.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप हिंसेचा. या खेळात रक्तपात आहे आणि तो अगदी लहान मुलांपुढे ठेवू नये, हे मी निर्विवाद मानतो. पण येथे हिंसेचा आस्वाद घ्यावयास लावलेले नसून तिच्या परिणामांचा हिशेब द्यावयास लावलेले आहे, आणि हा फरक वयात आलेल्या मुलाला कळतो. दुसरा आक्षेप वेळेचा. पाळीचा खेळही वेळ खातो, किंबहुना ‘आणखी एक पाळी’ म्हणता म्हणता रात्र सरू शकते. हा आक्षेप खरा आहे आणि त्याला घरच्या शिस्तीवाचून दुसरे उत्तर नाही. मात्र जो खेळ कोणत्याही क्षणी थांबविता येतो आणि थांबविल्याने काही बुडत नाही, त्यातून मुलाला जेवावयास उठविणे सोपे असते, आणि जो खेळ थांबविला तर दूरदेशीचे साथी उघड्यावर पडतात त्यातून उठविणे कठीण असते, ही अनुभवाची गोष्ट आहे. तिसरा आक्षेप वेगाच्या खेळांचे चाहते घेतील: तेथेही चापल्य लागते, साथीदारांशी संगनमत लागते, निर्णय लागतात. लागतात खरे. परंतु क्षणार्धातील निर्णय हा आधी केलेल्या विचारावर उभा असतो, आणि तो विचार करण्याची जागाच ज्या खेळात नाही तेथे हाताला सवय लागते, बुद्धीला लागत नाही. धावावयास शिकवू नये असे माझे म्हणणे नाही. उभे राहून वाट न्याहाळावयास कोणी शिकवीत नाही, ही माझी तक्रार आहे.

आणि असा विचार या मातीत फळ धरतो याला पुरावा दूर शोधावा लागत नाही. आमच्यापासून काही तासांच्या वाटेवर असलेल्या नागपूरच्या दिव्या देशमुख हिने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बातुमी येथे, अंतिम सामन्यात कोनेरू हंपीसारख्या मुरब्बी खेळाडूला टायब्रेकमध्ये नमवून, महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक वयाच्या एकोणिसाव्या वर्षी जिंकला आणि त्याच विजयाने ती भारताची अठ्ठ्याऐंशीवी ग्रँडमास्टर झाली. त्या दिवशी ज्यांनी आपापल्या मुलांना तिचे उदाहरण दिले त्या वडीलधाऱ्यांना माझे इतकेच सांगणे आहे की, पटावर विचार करणारे मूल आणि पडद्यावर तसाच विचार करणारे मूल यांच्यात भेद करू नका. भेद करावयाचा तो विचार करावयास लावणाऱ्या आणि विचाराची सवयच मोडून टाकणाऱ्या खेळांत करा.

यावरून दोन कामे निघतात. पहिले शाळांचे व गावोगावच्या वाचनालयांचे. जेथे संगणक धूळ खात पडले आहेत तेथे शनिवारी दुपारी मोठ्या मुलांना एक पाळीचा खेळ दोघा-तिघांनी मिळून, मोठ्याने बेत बोलून दाखवीत, खेळू द्यावा आणि शेजारी बुद्धिबळाचा पट व वाघ-बकरीच्या रेघाही असू द्याव्यात; शिक्षकाने फक्त एक प्रश्न विचारीत राहावे, ‘हे न साधले तर पुढे काय?’ यास फारसा खर्च येत नाही. विनामूल्य मिळणारे व जुन्या यंत्रांवर चालणारे असे पूर्ण खेळही आहेत, ‘बॅटल फॉर वेसनॉथ’ हा त्यांतला एक. त्यात षट्कोनी घरांच्या नकाशावर डोंगर, रान व पाणी यांचा फायदा घेत सेना चालवावी लागते.

दुसरे काम आपल्या निर्मात्यांचे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० साली ‘राजी’ हा पौराणिक वातावरणाचा खेळ रचून जागतिक पुरस्कारांच्या नामांकनापर्यंत मजल मारली, तेव्हा कसब येथे आहे हे सिद्ध झाले. तो खेळ हातघाईचा होता. पाळीच्या खेळासाठी जी सामग्री लागते, म्हणजे अडचणीचा मुलूख, तोकडे मनुष्यबळ, बलाढ्य शत्रू आणि नामी बेत, ती मराठ्यांच्या इतिहासाइतकी क्वचितच कोठे सापडेल. २ फेब्रुवारी १६६१ चा उंबरखिंडीचा प्रसंग घ्या: कोकणात उतरण्यासाठी कारतलबखानाची फौज सह्याद्रीच्या अरुंद, झाडीने भरलेल्या वाटेत शिरते, दोन्ही बाजूंच्या उतारांवर महाराजांचे मावळे दबा धरून बसलेले, खाली पाणी नाही, पुढची वाट रोखलेली, मागची तुटलेली, आणि शेवटी खानाच्या सोबत असलेल्या रायबागन या शहाण्या स्त्रीच्या सल्ल्याने तो शरण येऊन, खंडणी भरून, प्राणांनिशी परत जातो. आडोसा, उंची, पहारा, पाण्याची टंचाई, आणि वेळीच शरण जाण्याचा निर्णय, हे सारे पाळीच्या खेळाचे नियम इतिहासाने आयतेच लिहून ठेवले आहेत. किंवा १७२८ ची पालखेडची मोहीम घ्या, जिच्यात बाजीरावाने निजामाला त्याच्या तोफखान्यापासून तोडून, पाण्यावाचून कोंडून, मोठा रणसंग्राम न करताच मुंगी-शेवगावच्या तहापर्यंत आणले. अशा खेळात शत्रूच्या बाजूनेही खेळता आले पाहिजे. कारतलबखानाच्या जागी बसून त्या खिंडीत शिरावे की न शिरावे हा निर्णय ज्या मुलाने एकदा घेतला त्याला जयजयकाराच्या पन्नास भाषणांतून न कळलेला इतिहास कळेल, आणि प्रतिपक्षालाही बुद्धी असते हे त्या वयात कळणे समाजाच्या दृष्टीने फार मोलाचे आहे.

खेळाचा खेळ म्हणून धिक्कार करणे सोपे, आणि खेळ म्हणून सगळ्याच गोष्टींना मोकळीक देणेही तितकेच सोपे. या दोहोंमध्ये निवड करण्याचे अवघड काम पालकांना व शिक्षकांना स्वतः बसून, खेळून पाहून, करावे लागेल. निर्माते मोफत बानगी देतात ती याच कामासाठी. तिचा उपयोग मुलांनी करण्यापूर्वी मोठ्यांनी करावा, तासभर मुलाशेजारी बसावे, आणि खेळ संपल्यावर त्याला विचारावे की तू हे असे का केलेस. ज्या खेळाविषयी मूल या प्रश्नाला सविस्तर उत्तर देऊ शकते तो खेळ घरात राहू द्यावा. ज्याविषयी त्याच्यापाशी उत्तरच नसते त्याला दाराबाहेरची वाट दाखविण्यास कोणत्याही अधिनियमाची वाट पाहण्याचे कारण नाही.